‘सोशिक’ म्हणू नका

आपल्या भाषेत काही विशेषणे अशी आहेत की ती एखाद्याला लावली म्हणजे त्याची विचारपूस करण्याची जबाबदारी संपते. ‘सोशिक’ हे त्यांतले पहिले. लग्न जमवताना मुलीकडची माणसे सांगतात, पोरगी सोशिक आहे. म्हातारी गेल्यावर ओट्यावर बसलेली चार माणसे सांगतात, लई सोसलं हो तिनं. आणि एखादी बाई जिवंत असताना, रात्र रात्र बसून काढत असताना तिला सोशिक म्हटले की तिला दवाखान्यात नेण्याचे कारणच उरत नाही. मी स्वतः शाळेत असताना ‘माझी आजी’ या निबंधात ‘माझी आजी फार सोशिक आहे’ असे वाक्य लिहून बाईंची शाबासकी मिळवली होती. ते वाक्य आज मला मागे घ्यायचे आहे.

हा लेख एका दुखण्याविषयी आहे. वार्षिकांकात कथा, कविता, फार तर एखादे प्रवासवर्णन असावे. दुखण्याखुपण्याचे रडगाणे इथे कशाला, असे कोणी म्हणेल. शिवाय मी कला शाखेची. शरीरशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या पुस्तकापुरता. पण ज्या दुखण्याविषयी मी लिहिते आहे ते एक्स-रेत दिसत नाही, रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. ते फक्त माणसाच्या बोलण्यात सापडते. आणि बोलणे, शब्द, त्यांचे अर्थ हा तर आपल्याच शाखेचा विषय आहे ना?

२०२२ सालच्या चैत्रात, गावच्या यात्रेला चार दिवस असताना, आजीच्या डाव्या बरगडीखाली दुखू लागले. उसण भरली असेल म्हणून आईने शेकले. तिसऱ्या दिवशी त्या जागी पाण्याने भरलेले पुरळ उठले आणि पुढून पाठीकडे पट्ट्यासारखे पसरत गेले. आमच्या माणदेशात लहान पोरही ते पाहून सांगेल, नागीण झाली. आणि नागिणीला दवाखाना नसतो, हेही तेच पोर सांगेल. शेजारच्या गावात एक म्हातारबाबा नागीण उतरवतात. त्यांनी मंत्र टाकला, गेरूचा लेप दिला आणि बजावले की नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळू देऊ नका, वेढा पुरा झाला की माणूस हाती लागत नाही. आठ दिवस आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ त्या पट्ट्याची मोजणी चालली होती. मीही वितीने मोजत असे. माझा हात अंगाला लागला की आजी दात आवळून भिंतीकडे तोंड करी.

ते तोंड आणि शेपूट का जुळत नाही, हे मला बऱ्याच दिवसांनी कळले. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. तो पाठीच्या कण्याजवळ, मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून बसतो. चाळीस, पन्नास वर्षेही बसतो. वय झाले, अंगातली प्रतिकारशक्ती उणावली की तो जागा होतो आणि ज्या मज्जातंतूच्या गाठीत बसला होता त्याच तंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. आपल्या धडाचे मज्जातंतू डावीकडचे डाव्या अंगाला आणि उजवीकडचे उजव्या अंगाला जातात. म्हणून पुरळ पुढे छातीच्या आणि मागे कण्याच्या मध्यरेषेवर येऊन थांबते. मंत्राने थांबत नाही, आपोआप थांबते. कांजिण्या आणि नागीण यांचे हे नाते १९६५ मध्ये होप-सिम्प्सन नावाच्या एका इंग्रज डॉक्टरने मांडले. तो कोणी मोठ्या इस्पितळातला तज्ज्ञ नव्हता. एका लहान गावात दवाखाना चालवणारा साधा डॉक्टर होता आणि स्वतःच्याच रोग्यांच्या वर्षानुवर्षे नोंदी ठेवून त्याने हे शोधून काढले. ही गोष्ट मला फार आवडली.

पुरळ दोन ते चार आठवड्यांत खपल्या धरून जाते. म्हणजे बाबांना यश ठरलेलेच! त्यांच्यावर माझा राग नाही. ते पैसे घेत नाहीत, नारळ घेतात, आणि बोलतात प्रेमाने. राग आहे तो वाया गेलेल्या पहिल्या तीन दिवसांचा. असायक्लोव्हिर नावाचे औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केले (८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस) तर पुरळ लवकर आवरते आणि त्या दिवसांतली वेदना उतरते. पुढचे दुखणे त्याने नक्की टळतेच असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ते बहात्तर तास आम्ही वीत धरून मोजण्यात घालवले.

खपल्या पडल्या. बाबांना नारळ पोचता झाला. आणि खरे दुखणे त्यानंतर सुरू झाले.

आजी नऊवारी नेसते, अंगात चोळी. आता तिला चोळी घालवेना. कापड कातडीला नुसते लागले की ती कळवळे. पंख्याचा वारा लागला तरी पोळे. मागच्या खोलीत पदर मुठीत धरून, अंगापासून चार बोटे दूर ठेवून ती बसून राही. दारात माणूस आले तरी बाहेर येईना. जी बाई पन्नास वर्षे डोक्यावरचा पदर ढळू न देता वावरली, तिला हे काय होत असेल याचा विचार करा. आणखी एक चमत्कारिक गोष्ट होती. हलका स्पर्श सोसत नसे. पण त्याच जागी तळहात घट्ट दाबून धरला तर तिला जरा बरे वाटे. लोकांना एवढे पुरे झाले. कापड लागलं तर ओरडते आणि हात दाबला तर गप बसते, हे नाटक न्हाई तर काय? असे आमच्या गल्लीतच नव्हे, आमच्या घरातही बोलले गेले. बोलणाऱ्यांत मी नव्हते असे सांगता आले असते तर बरे झाले असते.

गावच्या बाजारपेठेतल्या एका दवाखान्यात फेऱ्या सुरू झाल्या. दुखणे डाव्या छातीकडे, म्हणून आधी हृदयाचा आलेख काढला. तो चांगला. एक्स-रे चांगला. मग दर आठवड्याला कमरेत एक दुखण्याचे इंजेक्शन, एक ताकदीचे इंजेक्शन आणि अधूनमधून सलाईन. इंजेक्शनचा उपयोग शून्य. वर रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळ्यांनी पोटात जळजळ. दोन शेळ्या विकल्या गेल्या. शेवटी तिथले डॉक्टर म्हणाले, “आजी, वयोमान आहे. सगळे रिपोर्ट चांगले आहेत. आता थोडं सोसायचं.” गल्ली जे म्हणत होती तेच डॉक्टरही म्हणाले, फक्त फी घेऊन.

सगळे रिपोर्ट चांगले असताना दुखते कसे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घ्यायला मला कुष्ठरोगाची माहिती उपयोगी पडली. पॉल ब्रँड नावाचे एक शल्यविशारद १९४६ पासून वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर काम करीत होते. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने सडून गळतात असा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की रोगाने मज्जातंतू मरतात, वेदना नाहीशी होते आणि वेदना नसल्यामुळे माणूस भाजून घेतो, कापून घेतो, जखमेवर तसाच चालतो. त्यातून बोटे जातात. म्हणजे वेदना ही राखणदार आहे. कुत्रे भुंकले की चोर आला हे कळते, तसे. आजीचे उलटे झाले होते. चोर येऊन गेला, पण जाताना कुत्र्यालाच जखमी करून गेला आणि ते कुत्रे आता वारा हलला तरी भुंकते. कातडी बरी झाली. कातडीची बातमी मेंदूपर्यंत नेणारी तार बिघडली. आणि तार एक्स-रेत दिसत नाही.

ज्याला आपण सर्रास ‘शीर दबली’, ‘नस आखडली’ म्हणतो त्यातले पुष्कळसे दुखणे या तारेचे असते. (रक्त वाहणारीही शीर आणि संवेदना नेणारीही शीरच, हा आपल्या बोलीतला घोळ आहे. ‘मज्जातंतू’ हा पुस्तकातला शब्द गावात कोणी वापरत नाही. या घोळावर ‘नसांची इंजेक्शने’ विकणाऱ्यांचे बरे चालते.) मधुमेहाने तळपायाच्या तारा बिघडतात, आमच्या गावात रात्री बादलीत पाय बुडवून बसणारी दोन-तीन माणसे मी स्वतः पाहिली आहेत. त्यांचे पाय पोळतात आणि तेच पाय बधिरही असतात. त्यामुळे चटका बसला, खडा रुतला तरी कळत नाही. अशा माणसाने अनवाणी वारी करू नये, हे त्याला घरच्यांनीच सांगायला हवे. चेहऱ्याच्या मज्जातंतूचे दुखणे तर असे असते की दात घासताना, घास चावताना गालात वीज चमकून जाते. आमच्या एका काकूंनी त्यापायी तीन चांगले दात काढून घेतले. वीज चमकायची थांबली नाही. पुढे त्यांना कार्बामाझेपीन नावाची, मूळ फिट्सवरची गोळी लागू पडली. ही गोळी या दुखण्यावर १९६२ पासून वापरात आहे. साठ वर्षांचे जुने औषध, आणि दात गेले ते गेलेच.

आता मूळ मुद्द्याकडे येते. या दुखण्याचा पुरावा कोणता? रोग्याचा शब्द. २००५ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी यासाठी दहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली तयार केली. आज ती जगभर वापरतात. तिच्यातले सात प्रश्न नुसते शब्दांचे आहेत. आग होते का? गार काही झोंबल्यासारखे दुखते का? विजेचा झटका बसतो का? झिणझिण्या येतात का? सुया टोचतात का? बधिर वाटते का? खाज येते का? उरलेले तीन डॉक्टरने हात लावून पाहायचे : स्पर्श कमी कळतो का, टोचलेले कमी कळते का, कापूस किंवा ब्रश फिरवला तर दुखते का. दहापैकी चार उत्तरे ‘हो’ आली तर दुखणे मज्जातंतूचे असण्याचा संभव मोठा. यंत्र नाही, सुई नाही, खर्च नाही. पाच मिनिटे आणि ऐकणारे कान.

माझ्या आजीने पहिल्याच दिवसापासून हीच उत्तरे दिली होती! तिचा गुडघा ‘ठणकतो’, कंबर ‘धरते’, पाठीला ‘रग लागते’. पण बरगडीखाली तिला ‘पोळतं’, ‘चरचरतं’, मधूनच ‘सणक जाते’. अडाणी म्हणून जिची गणना होते त्या बाईने दोन जातींची दुखणी दोन जातींच्या शब्दांनी वेगळी केली होती. दवाखान्यातल्या केसपेपरावर मात्र एवढेच लिहिले होते की छातीत दुखते. मराठीत वेदनेला किती शब्द आहेत : कळ, ठणका, ठुसठुस, चमक, सणक, उसण, रग, चरचर, जळजळ, मुंग्या, टोचणी. परीक्षेत आपण समानार्थी शब्द म्हणून हे लिहितो. ते समानार्थी नाहीत. प्रत्येक शब्दामागे दुखणे वेगळे आहे आणि औषधही वेगळे असू शकते. आमच्या मराठी विभागातील प्राध्यापकांनी कधी या शब्दांचा तालुक्यागणिक संग्रह करायचे मनावर घेतले, तर वही घेऊन हिंडायला मी तयार आहे.

वेदनेच्या अभ्यासकांची जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे तिने १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या केली आणि २०२० मध्ये ती सुधारली. सुधारलेल्या व्याख्येसोबत एक टीप आहे, तिचा आशय असा की माणूस दुखते म्हणून सांगत असेल तर त्याच्या सांगण्याचा आदर केला पाहिजे. जगातल्या शहाण्या माणसांना हे टिपेत लिहावे लागले, यावरून सगळीकडेच आमच्या गल्लीसारखी माणसे असावीत.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरबाईंनी आजीला पहिल्यांदा विचारले, “आजी, दुखतं म्हणजे कसं दुखतं?” आजी म्हणाली, “अंगावर इस्तू ठेवल्यागत व्हतंय.” बाईंनी कापसाचा बोळा हलकेच फिरवला. आजी किंचाळली. बाईंनी हात मागे घेतला आणि म्हणाल्या, “खरं आहे तुमचं.” आजीच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आले ते कापसाने नव्हे.

त्यांनी दिली ती गोळी अमिट्रिप्टिलीनची, दहा मिलिग्रॅम, रात्री झोपताना. अगदी स्वस्त, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत असलेली. पण पुढच्या महिन्याच्या गोळ्या घ्यायला आबा मेडिकलमध्ये गेले, तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “ही तर डिप्रेशनची गोळी. कोणाला झालंय?” आबा तसेच परत आले. “आमची आये येडी न्हाई,” एवढेच म्हणाले आणि उरलेले पाकीट फडताळात टाकले. ते तिथे अकरा आठवडे पडून होते. आजी मागच्या खोलीत पदर धरून बसली होती.

मुलगा खोटे बोलला नव्हता. गोळी १९६१ पासून मनाच्या आजारावर वापरतात, हे खरेच. पण पाठीच्या कण्यातून वेदनेची बातमी वर जाते तेव्हा मेंदू वरून खाली तिला लगाम घालत असतो आणि ही गोळी तो लगाम घट्ट करते. जो मुळीच उदास नाही त्यालाही तिचा वेदनेवर उपयोग होतो. आणि वेदनेसाठीची मात्रा सहसा उदासीनतेच्या मात्रेपेक्षा बरीच कमी असते. हे दोन मिनिटांचे सांगणे. मी अकरावीत होते, आबांबरोबर एस.टी.ने पुन्हा जिल्ह्याला गेले आणि बाईंना विचारले तेव्हा त्यांनी ते सांगितले. आधी का नाही सांगितले, असे मी विचारले नाही. बाहेर बाकावर सत्तर-ऐंशी माणसे बसलेली दिसत होती.

उपचाराबद्दल जे मला कळले ते सांगते. डॉक्टरी शिकवण्याचा माझा अधिकार नाही आणि कोणी हे वाचून गोळी घेऊ नये. पण डॉक्टरपुढे बसल्यावर विचारता यावे एवढे आपल्याला ठाऊक असावे. साध्या दुखण्याच्या गोळ्या सूज उतरवतात. बिघडलेल्या तारेला सूज नसते, म्हणून त्या गोळ्यांचा इथे फारसा उपयोग नाही आणि वर्षानुवर्षे घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंड बिघडते. इथे लागू पडतात ती औषधे परक्या घरची आहेत. अमिट्रिप्टिलीन आणि ड्युलॉक्सेटीन उदासीनतेवरची. गॅबापेंटिन आणि प्रिगॅबालिन फिट्सवरची. सुरुवात थोड्या मात्रेने करायची आणि हळूहळू वाढवायची. गुण यायला आठवडे लागतात. चौथ्या दिवशी ‘फरक न्हाई’ म्हणून गोळी टाकून देण्यात अर्थ नाही आणि बरे वाटले म्हणून एकदम बंद करणेही वाईट. तोंड कोरडे पडते, शौचाला घट्ट होते, झापड येते, गरगरते. म्हाताऱ्या माणसाला रात्री उठताना धरायला कोणीतरी हवे. हृदयाचा, काचबिंदूचा किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर आधी सांगावे लागते. अफूच्या कुळातली औषधे या दुखण्यात पहिल्या फळीची नव्हेत. त्यांतले ट्रामाडॉल तर २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे. मधुमेहाच्या माणसाने साखर ताब्यात ठेवलीच पाहिजे. शिवाय मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी पडून मुंग्या येऊ शकतात, ते तपासावे. तपासून कमी निघाले तर त्याचे इंजेक्शन हे औषध आहे. न तपासता दर आठवड्याला टोचले तर तो धंदा आहे.

आणखी एक औषध आमच्या स्वयंपाकघरातले आहे. मिरची. मिरचीतला तिखट अर्क, कॅप्सायसिन, मलमात घालून लावतात. आधी झोंबते; पण सतत लावत राहिले की कातडीतले वेदना सांगणारे तंतू जणू थकतात आणि गप्प होतात. मिरचीचा हा चटका मज्जातंतूंच्या कोणत्या दारातून आत शिरतो ते डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधले आणि त्या कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आईला हे सांगितले तर ती म्हणाली, मिरच्या कांडून माझे हात जन्मभर चरचरले, मला कोणी काही दिले नाही. (घरची मिरची वाटून लावू नये, हे सांगायला हवे. आमच्या इथे कोणी तेही करील.) बधिर करणाऱ्या लिग्नोकेनच्या चिकटपट्ट्याही मिळतात, बारा तास लावायच्या, बारा तास काढायच्या. त्या आजीला सर्वांत सोप्या गेल्या असत्या, पण रोजच्या रोज आमच्या खिशाला झेपणाऱ्या नाहीत. पन्नाशीनंतर नागीण होऊच नये म्हणून दोन मात्रांची लस २०२३ मध्ये आपल्या देशात आली. तिच्या एका मात्रेची किंमत ऐकून आबा हसले.

एवढे सगळे करून दुखणे जाते का? बहुधा जात नाही. कमी होते. जगभरचे प्रयोग एकत्र करून २०१५ मध्ये जो हिशेब मांडला गेला तो असा : अमिट्रिप्टिलीनच्या जातीचे औषध दिलेल्या साधारण चार जणांत एकाला, आणि प्रिगॅबालिन दिलेल्या सात-आठ जणांत एकाला, नुसत्या खोट्या गोळीने मिळाला नसता असा निम्मा उतार पडतो. आकडा लहान वाटतो. मलाही वाटला होता. पण एक लागू पडले नाही तर दुसरे, दोन्ही थोडी थोडी मिळून, असे करता येते आणि ते करायला डॉक्टरकडे परत परत जावे लागते. आमच्याकडे एकदा गुण आला नाही की डॉक्टर बदलतात. नवा डॉक्टर पुन्हा इंजेक्शनपासून सुरू करतो.

माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीचे मत वेगळे आहे. ती म्हणते, जन्मभर गोळ्या खाण्यापेक्षा मन गुंतवावे, भजन-कीर्तनात बसावे. तिचे म्हणणे मी उडवून लावत नाही. आजी शेंगा फोडत, रेडिओवरचे कीर्तन ऐकत बसली की तिचे दुखणे उणावते, हे मी पाहिले आहे. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ मध्ये मांडले की पाठीच्या कण्यात वेदनेच्या वाटेवर एक फाटक आहे; ते मेंदूही ढकलू शकतो आणि शेजारचा स्पर्शही. आजीचा घट्ट दाबलेला तळहात कदाचित त्या फाटकावरच होता. झोप, थोडे चालणे, हाताला काम, जवळ माणूस, या सगळ्याने दुखणे हलके होते आणि चांगले डॉक्टर आज या गोष्टी गोळीच्या जोडीने सांगतात. पण कीर्तनाने कमी होते म्हणजे दुखणे मनाचे खेळ आहेत, असा अर्थ काढला जातो तिथे माझे भांडण आहे. दाढ दुखणारा माणूसही सिनेमा बघताना दाढ विसरतो. त्याला कोणी नाटकी म्हणत नाही.

आणि सोसण्याचा उपदेश कोणाला होतो तेही पाहा. आबांचा खांदा धरला तेव्हा दुसऱ्या दिवशी घरात मलम आले. आजीला पाऊण वर्ष लागले. पुरुषाच्या दुखण्याने कामाचा खाडा होतो, म्हणून ते दुखणे. म्हातारीच्या दुखण्याने कोणाचे काही अडत नाही, म्हणून तो सोशिकपणा. हे लिहिताना आबांना वाईट वाटेल हे मला कळते. त्यांनीच मला शिकवले, आमच्या घरात पदवीची पायरी चढणारी मी पहिली, आणि हा अंक ते दोन-दोनदा वाचणार आहेत. तरी लिहिते.

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर हिवाळ्यात एका गावी जाते. आपण शोषखड्डे खणतो, रक्तदाब मोजतो, पथनाट्य करतो. या वर्षी पथनाट्याला दुसरा विषय शोधायच्या ऐवजी ते सात प्रश्न घेऊन घरोघर जावे, असे मी कार्यक्रम अधिकारी सरांना सुचवले आहे. नागीण नवी असेल तर त्याच दिवशी गाडीत घालून दवाखान्यात न्यायचे. जुने पोळणे असेल तर त्या माणसाचे शब्द, त्याच्याच बोलीत, चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी डॉक्टरसाठी त्याच्या हातात द्यायची. सर म्हणाले, आपण डॉक्टर नव्हे. बरोबर आहे. पण लिहिता तर येते आपल्याला.

आजी आता रात्री पाच तास झोपते. अमिट्रिप्टिलीन पंचवीसवर आहे, जोडीला रात्री एक गॅबापेंटिन. तोंड कोरडे पडते म्हणून उशाशी तांब्या असतो. चोळी घालते, जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली. नवी अजून सोसत नाही. पावसाची झड लागली की दोन दिवस पुन्हा मागच्या खोलीत जाते. आता मात्र कोणी काही बोलत नाही.

पुढच्या महिन्याची तारीख आहे. डॉक्टरबाईंची बदली झाली आहे, नवे कोणी असणार. म्हणून परवा वही घेऊन आजीजवळ बसले आणि म्हटले, आजे, नीट सांग, मी लिहून देते. पहिल्या ओळीवर मी ‘आग होते’ असे लिहिले आणि तिला वाचून दाखवले. तिने मान हलवली.

“आग न्हाई. आग दिसती तरी. फुपाटा लिही. वरनं राख, हात घातला की कळतं.”

मी ‘आग’ खोडून ‘फुपाटा’ लिहिले.